सात पूर्णांक आठ

शरणपूर रोडला, लॅबच्या जिन्यात,
सकाळी सातला उपाशीपोटी रांग.
मी दातीर. एकवीस वर्षं
दंडाला रबर बांधतो, मूठ मिटा म्हणतो,
आणि बघतो दुसरीकडे बघणारे चेहरे.

फेब्रुवारीत मुकादमानं टेम्पोभर बाया धाडल्या,
पॅकहाऊसला फिटनेसचा कागद लागतो म्हणून.
त्यात जयवंती टोपले. वय सव्वीस, गाव पेठकडचं,
मुक्काम पिंपळगावला, पत्र्याच्या खोलीत.
नखं चुन्यात बुडवल्यासारखी.
यंत्र म्हणालं, सात पूर्णांक आठ.

"ताजी फळं खात जा," मी सवयीनं म्हणालो,
भिंतीवरचा तक्ता बोलला असता तसं.
ती हसली.
"दिवसभर द्राक्षातच असते की मी, साहेब."

घड देठाला धरायचा. मण्याला बोट लावायचं नाही,
लावलं तर त्याच्यावरचं पांढरं धुकं पुसतं
आणि तिकडचा गोरा माणूस पेटी परत धाडतो.
बारका, चिरलेला मणी कात्रीनं छाटायचा,
वजन करायचं, झाकण लावायचं, पुढची पेटी.
डोक्याला जाळी, तोंडाला पट्टी,
वर कॅमेरा.
"गोड असतात म्हणे," ती म्हणाली.

मी सुई ट्रेमध्ये ठेवली.
म्हटलं, बाई, गोळ्या देतील त्या घे, चुकवू नकोस.
आणि द्राक्षाचं जाऊ दे,
त्यानं काही रक्त भरत नाही एवढं.
नागलीची भाकरी खातेस ना?
तिच्याबरोबर पेरूची फोड खा, सालीसकट, बियांसकट.
ती आंबटतुरट चव असते ना,
ती भाकरीतल्या लोहाला आतलं दार उघडून देते.
जेवणावर लगेच चहा ढोसलास
तर तो त्याच दाराला कडी घालतो.
रस काढून गाळत बसू नकोस, दातानं चाव.
बाजार उठताना पेरूवाले वाटा स्वस्त करतात, तेव्हा जा.
आवळा चालतो. बोरं चालतात. करवंदं.

"करवंदं?"
आता ती खुर्चीत सरसावून बसली.
"ती तर आम्ही डोंगरावर खायचो,
ओठ काळे पडून चिकटेपर्यंत.
गुरांमागं. फुकट.
फुकटचं पण औषध असतं?"

मला पटकन काही सुचलं नाही.
तेवढ्यात तिनं माझं टेबल पाहिलं:
कपाखाली रजिस्टर, रजिस्टरवर बिस्किटांचा पुडा.
"आणि तुम्ही काय खाता?"

खालच्या खणात माझाच एक रिपोर्ट आहे,
डाव्या हाताचं रक्त उजव्या हातानं काढून केलेला.
घडी घातलेला. साखर लिहिलेली.
डब्यात रोज पपईच्या चार फोडी असतात,
त्या रोज घरी परत जातात, कडा सुकलेल्या,
आणि मालती काही न बोलता डबा घासते.
हे मी जयवंतीला सांगितलं नाही.
"पुढचा," म्हणालो.

मे महिन्यात ती आली, एकटी,
पेठहून एस.टी.नं, स्वतःच्या पैशानं.
नऊ पूर्णांक एक.
"कमीच आहे अजून," मी म्हणालो.
"माहितीय," म्हणाली. "पण जिना चढले ना मधे न बसता."
आणि पिशवीतून पळसाच्या पानाचा द्रोण काढला.
करवंदं. काही लालसर, काही पार काळी,
एकाच्या देठाला चीक अजून ओला.

लॅबमध्ये खायला मनाई आहे.
तक्ता लावलाय, मीच लावलाय.
जिन्यात गेलो, रांगेतल्या लोकांसमोर,
आणि उभ्यानंच खाल्ली,
सात का आठ, बिया मुठीत गोळा करत.
पहिलं इतकं आंबट की एक डोळा मिटला.
रांगेतला एक पोरगा हसला.

आत आलो तेव्हा पुढच्या माणसानं
न सांगताच मूठ मिटली होती.
मी हात धुतले, दोनदा.
तरी हातमोजा चढवताना
बोटं चिकटत होती.